पाटण, फलटण, भिलवडी

रोज सकाळी साडेसहाला आमच्या माळ्यावरच्या खोलीत ही तीन गावं मोठ्यानं घेतली जातात. पाटण, फलटण, भिलवडी. पाठोपाठ सासवड आणि शिरवळ. तेव्हा माझा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचा, ट्रान्समीटर अँटेनावर नसतो, डमी लोडवर असतो, म्हणजे वीज हवेत न सोडता जागच्या जागी जिरवणाऱ्या रेझिस्टरवर. समोर सिग्नलचा आकार काढून दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा हिरवा पडदा, हातात मायक्रोफोन आणि नजर सगळी पडद्यावर. प, फ, भ म्हणताना ओठांतून हवेचा जो ठोसा बसतो, तो एएमच्या कॅरिअरला, म्हणजे जिची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवतात त्या मूळ रेडिओलहरीला, पार तळाला नेतो. स आणि श ही दुसऱ्या टोकाची अक्षरं. त्यांच्यातली सळसळ ३ किलोहर्ट्झच्याही वर जाते आणि सिग्नल नको तेवढा रुंद करते. पाच गावांची नावं घेतली की माझ्या आवाजातल्या अवघड जागा तपासून होतात. त्या ठीक दिसल्या तरच अँटेनाचा स्विच टाकायचा, असा नेम गेलं वर्षभर पाळतोय. हा नेम कशामुळं लागला ते आज लिहायचं आहे.

मी कराडचा. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. हॅम रेडिओचा परवाना १९८७ पासून. तेव्हा परदेशी तयार रिग (रेडिओचा अख्खा संच) आम्हा मास्तरांच्या पगारात बसणारी नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जायचं, पोत्यावर मांडलेल्या भंगारातून व्हॉल्व्ह, सिरॅमिकचे सॉकेट, लोखंडी चोक निवडायचे आणि घरी येऊन पत्र्याच्या चासीवर जोडत बसायचं. माझा ट्रान्समीटर असाच उभा राहिला. वारंवारता ठरवणारा व्हीएफओ साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो, ६एजी७ हा व्हॉल्व्ह ती दुप्पट करून सातवर आणतो आणि शेवटच्या ८०७ या व्हॉल्व्हला ड्राइव्ह, म्हणजे चालवायला लागणारा जोर, देतो. ८०७ च्या प्लेटवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या टोकाला, ४५० व्होल्ट, करंट ७० मिलिअँपिअर. म्हणजे आत साडेएकतीस वॅट जातात आणि कॅरिअर म्हणून बाहेर साधारण २० वॅट पडतात. कॅरिअरवर आवाज चढवणाऱ्या मॉड्युलेटरला ६एल६ व्हॉल्व्हची जोडी, पुशपुल.

आता ४० मीटरवर, म्हणजे या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, सगळीकडे एसएसबी आहे; त्यात कॅरिअर न पाठवता आवाजाची एकच बाजू पाठवतात. मीही तो वापरतो. पण एएमवर माणूस जसा ऐकू येतो तसा एसएसबीवर येत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. समोरचा बोलता बोलता थांबला तरी त्याची कॅरिअर उभी असते, मागचा पंखा ऐकू येतो, घसा खाकरलेला ऐकू येतो. माणूस खोलीत आपल्यासमोर बसलाय असं वाटतं.

मात्र एएमचा हिशेब कडक आहे. २० वॅटच्या कॅरिअरवर शंभर टक्के मॉड्युलेशन बसवलं तरी दोन्ही साइडबँडना, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना उमटणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यांना, मिळून १० वॅटच मिळतात. प्रत्येकी ५. माझा आवाज असतो तो त्या दहा वॅटमध्ये, कॅरिअरमध्ये आवाज नसतो. मॉड्युलेशन ५० टक्क्यांवर आलं तर ते दहा वॅट अडीचवर येतात. म्हणून एएमवाल्याचा हात सारखा मायक्रोफोनच्या गेनकडे, म्हणजे आवाज वाढवायच्या बटणाकडे, जातो. मॉड्युलेशन थोडं वाढव, अजून थोडं वाढव. आणि वरच्या बाजूला कितीही जागा असली तरी खालच्या बाजूला शून्याच्या पुढं जागाच नसते. कॅरिअर शून्यावर आली की ट्रान्समीटर तेवढ्या क्षणापुरता बंद पडतो. तो असा धाडकन बंद-चालू होताना जो कचरा निघतो तो बँडभर उडतो. यालाच आम्ही स्प्लॅटर म्हणतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मला सगळीकडून एकच रिपोर्ट यायला लागला. सिग्नल फाईव्ह नाईन, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, पण मॉड्युलेशन जरा कमी. मी गेन वाढवला. पुढच्या दिवशी म्हणाले, आता बरं आहे. आठवड्यानं परत कमी. परत वाढवला. त्या काळात माझ्याकडं तपासायचं साधन काय होतं, तर ४० वॅटचा बल्ब. डमी लोड म्हणून तो लावायचा, मायक्रोफोनमध्ये बोलायचं आणि आवाजाबरोबर तो फुलतो का ते बघायचं. बल्ब फुलायचाच. शंभर टक्क्यांच्या स्वच्छ सुराला अँटेनाचा करंट साडेबावीस टक्क्यांनी वाढतो, तेवढा उजेड डोळ्याला कळतो. पण फाटक्या आवाजालाही बल्ब तसाच फुलतो. वीज किती जातेय ते बल्ब सांगतो. ती कशी जातेय हे त्याच्याकडून कळत नाही.

पहिल्यांदा खरं बोलली ती आमची सौ. स्वयंपाकघरात तिच्याकडे शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर असतो, माझं बोलणं त्यावर लागतं. एक दिवस मी खाली जेवायला आलो तर म्हणाली, "अहो, तुमचा आवाज फाटतोय."

मी म्हणालो, "तुझा रेडिओ अँटेनाच्या खाली ठेवलाय. एवढ्या जवळून तो गुदमरतोच. त्याचं काही धरू नकोस."

"मग सगळाच आवाज फाटला असता की. तुम्ही 'भिलवडी' म्हणालात तेवढंच फाटलं. 'सांगली' चांगलं आलं."

विज्ञानाच्या शिक्षकाला याच्याहून चांगलं निरीक्षण कुणी आणून देणार नाही. जवळच्या सिग्नलनं रेडिओ गुदमरला असता तर कॅरिअर असेपर्यंत सगळंच बिघडलं असतं. ठरावीक अक्षरांना आवाज फाटतो म्हणजे दोष रेडिओत नाही, मॉड्युलेशनमध्ये आहे. हे मला त्याच ताटावर कळायला हवं होतं. मी भाकरी मोडली आणि विषय सोडून दिला. आज लिहितानाही त्याचं वाईट वाटतं.

आठेक दिवसांनी साताऱ्याच्या एका तरुण हॅमचा फोन आला. मुलगा माझ्या धाकट्याच्या वयाचा. "सर, रागावू नका. मी सकाळी तुमच्यापासून १२ किलोहर्ट्झ वर एसएसबीवर बोलत होतो. तुम्ही जोर देऊन बोललात की माझ्याकडे खर्र खर्र असे फटके येत होते. फोटो पाठवू का?" फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्याच्या एसडीआरचा, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरचा, वॉटरफॉल: आडवी वारंवारता, उभा वेळ. मधे माझ्या कॅरिअरची उभी पिवळी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना साइडबँडचा निळसर पट्टा, इथवर ठीक. पण ठरावीक अंतरानं त्यावर आडवे फटकारे मारलेले होते. एकेक फटकारा दोन्ही बाजूंना १५ किलोहर्ट्झपर्यंत गेलेला. मी मोजले. एका वाक्यात सात. त्या वाक्यातले प, फ, ब, भ मोजले असते तर तेवढेच भरले असते.

आपल्या देशात ४० मीटरचा हॅम बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. एवढ्या २०० किलोहर्ट्झमध्ये सगळे बसतात. नीट चालवलेला एएम सिग्नल ६ किलोहर्ट्झ जागा घेतो, म्हणजे मुळातच एसएसबीच्या दुप्पट. मी तीस घेत होतो. कुणाच्या तरी गप्पांवर, कुणा नवशिक्याच्या पहिल्या संपर्कावर मी रोज सकाळी खडे मारत होतो, आणि लोक मला फाईव्ह नाईन देत होते. त्यांचाही दोष नाही. जो माझ्याशी बोलतो त्याचा रिसीव्हर माझ्यावरच लावलेला असतो, त्याचा फिल्टर बाजूचा कचरा कापून टाकतो. माझ्या सिग्नलची खरी अवस्था शेजारी बसलेल्याला कळते, आणि शेजारी बहुधा सांगत नाही. या मुलानं सांगितलं, त्याचे उपकार आहेत.

त्याच संध्याकाळी कपाटावरचा ऑसिलोस्कोप खाली काढला. साधा १० मेगाहर्ट्झचा, एका चॅनेलचा. इतकी वर्षं मी तो पॉवर सप्लाय बघायला वापरत होतो. कधी ट्रान्समीटरच्या तोंडाशी नेऊन लावला नव्हता. डमी लोड नीट केला. १ किलोओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात आणि ४० वॅट सोसतात. त्याच्या टोकाशी टी-कनेक्टर आणि टीवर १०:१ चा प्रोब. २० वॅटची कॅरिअर ५० ओहमवर शिखराला ४५ व्होल्टच्या आसपास जाते, पूर्ण मॉड्युलेशनला त्याच्या दुप्पट. प्रोब लावला की पडद्याला झेपेल एवढं उरतं.

मोबाईलवर १००० हर्ट्झचा सूर लावला, मायक्रोफोनसमोर धरला. पडद्यावर एन्व्हलप, म्हणजे कॅरिअरच्या कमी-जास्त होणाऱ्या उंचीचा पट्टा, आला. नुसत्या कॅरिअरचा पट्टा २.२ खाने उंच होता. सूर लावल्यावर सगळ्यात उंच जागा ३.१ खाने, सगळ्यात अरुंद जागा शून्य. पुस्तकातलं सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ असतं: मोठ्यातून लहान वजा करा, दोन्हींच्या बेरजेनं भागा, शंभरनं गुणा. ३.१ वजा शून्य, भागिले ३.१. उत्तर शंभर टक्के. सूत्राच्या मते माझं मॉड्युलेशन उत्तम.

या उत्तरावर मी वहीत दोन वेळा काट मारली. सूत्र चुकीचं नाही, पण वर आणि खाली सारखंच हलतंय असं ते गृहीत धरतं. नुसत्या कॅरिअरचा आकडा त्यात कुठंच येत नाही. तो धरून दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या की चित्र पालटतं. वर २.२ पासून ३.१ पर्यंत, म्हणजे फक्त ४१ टक्के. खाली २.२ पासून शून्य, म्हणजे शंभर टक्के, आणि तिथं पट्टा टोकदार न होता सपाट चिकटलेला होता, म्हणजे शंभरच्याही पलीकडं. एकाच आवाजात वर मॉड्युलेशन कमी आणि खाली जास्त. लोक "कमी" म्हणत होते तेही खरं होतं, सौ. "फाटतोय" म्हणत होती तेही खरं होतं. मी गेन वाढवत होतो आणि वरची बाजू वाढायला तयारच नव्हती, म्हणून सगळी वाढ खाली जाऊन तळ फोडत होती.

वरची बाजू का अडली ते एन्व्हलपवरून नीट कळेना. म्हणून ट्रॅपेझॉइड लावला. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण एएमचा यासारखा वैद्य दुसरा नाही. स्कोपच्या उभ्या अक्षाला आरएफ, म्हणजे ट्रान्समीटरमधून निघणारा सिग्नल, द्यायचं आणि आडव्या अक्षाला, नेहमीच्या टाइमबेसऐवजी, मॉड्युलेटरमधून निघणारा ऑडिओ. बोलत नसाल तेव्हा पडद्यावर फक्त एक उभी रेघ दिसते. बोलायला लागलात की ती रेघ आडवी पसरते आणि एक बाजू उंच, दुसरी बुटकी असा चौकोन तयार होतो. मॉड्युलेशन वाढेल तशी बुटकी बाजू आणखी बुटकी होते. शंभर टक्क्यांना तिचा ठिपका होतो, आकृती त्रिकोणी होते. पुढं गेलात की त्या ठिपक्यातून बाहेर एक बारीक आडवी शेपटी निघते. ती शेपटी म्हणजे ट्रान्समीटर बंद पडलेला काळ. आणि तिरक्या दोन्ही कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ हव्यात. ऑडिओ जेवढा वाढेल तेवढंच आरएफ वाढतंय याचा तो पुरावा. बोलणं कितीही वेडंवाकडं असू दे, शब्द कुठलाही असू दे, आकृती तीच राहते, फक्त लांब-आखूड होते. म्हणून सूर लावायची गरज नाही, सरळ बोलत बोलत बघता येतं.

ऑडिओ काढायची जागा मात्र जपून. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या ज्या टोकाला तार लावायची तिथं ४५० व्होल्ट डीसी असतो आणि त्यावर ऑडिओ बसला की शिखराला ९०० व्होल्ट. मी २ किलोव्होल्टचा कपॅसिटर घातला, त्याच्यापुढं मेगओहमची साखळी, खाली १० किलोओहम, आणि सगळं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलं. जोडायच्या आधी प्लग भिंतीतून काढून फिल्टर कपॅसिटर रिकामे केले. घाई झाली म्हणून यातली एकही पायरी गाळू नका, ही हात जोडून विनंती.

पहिल्या प्रयत्नात दोन्ही कडा दुहेरी आल्या, लांबट अंड्यासारख्या. घाबरलो, म्हटलं आता हा कुठला नवा आजार. आजार माझ्या जोडणीत होता. मी घातलेला कपॅसिटर ०.००१ मायक्रोफॅरडचा होता. मेगओहमबरोबर तो १६० हर्ट्झच्या आसपासच अडवायला लागतो आणि बोलण्याच्या खालच्या सुरांची फेज, म्हणजे वेळ, मागंपुढं सरकवतो. ०.०१ चा घातला, ती जागा १६ हर्ट्झवर गेली आणि कडा एकेरी झाल्या. तपासणीच्या सामानाचीही आधी तपासणी लागते.

आणि मग खरं चित्र समोर आलं. डाव्या टोकाला लांब शेपटी. उजवीकडे कडा निम्म्या वाटेपर्यंत सरळ चढत होत्या आणि तिथून पुढं पाचगणीच्या टेबललँडसारख्या सपाट. ऑडिओ अजून जोर लावतोय, पण ८०७ मधून त्याच्या वर काही निघत नाही. असा माथा सपाट दिसला की पहिला संशय ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाच्या, ड्राइव्हवर घ्यायचा. प्लेटचा व्होल्टेज दुप्पट होतो त्या क्षणी व्हॉल्व्हला करंटही दुप्पट द्यायचा असतो, आणि ग्रिडला पुरेसा ड्राइव्ह नसेल तर तो देणार कुठून?

ग्रिडचं मीटर बघितलं. साडेतीन मिलिअँपिअर हवा तिथं दोनसुद्धा नव्हता. हे मीटर माझ्या डोळ्यांसमोर, पॅनेलवर, रोज होतं. दुसरं मीटर प्लेट करंटचं. बोलताना त्याची सुई ७० वरून ६२ पर्यंत खाली झुकायची आणि मला ते बघून बरं वाटायचं, कारण सुई हलतेय म्हणजे मॉड्युलेशन होतंय. उलट आहे. क्लास-सी मध्ये प्लेट मॉड्युलेशन बरोबर असेल तर ती सुई बोलताना जागची हलता कामा नये. वर जेवढं वाढतं तेवढंच खाली कमी होतं, सरासरी तीच राहते. सुई खाली झुकते म्हणजे वरचा भाग कापला जातोय. पहिल्या रिपोर्टच्या आधीपासून ती सुई मला हेच सांगत असणार.

६एजी७ दमला होता. जुन्या बाजारातून कधीतरी पिशवीभर व्हॉल्व्ह आणले होते, त्यातला दुसरा काढून लावला, त्याच्या टप्प्याची कॉइल पुन्हा ट्यून केली, आणि ग्रिडचं मीटर साडेतीनवर आलं. स्कोपकडे बघितलं तर माथा नाहीसा. कडा सरळ टोकापर्यंत. आता गेन उतरवला. शेपटी गेली. १००० हर्ट्झच्या त्याच सुरावर उंच जागा ३.९, अरुंद ०.५. वर ७७ टक्के, खाली ७७ टक्के. साऱ्या आजाराला एक दमलेला व्हॉल्व्ह पुरला होता. त्यावर मी तीन आठवडे गेनचं औषध देत होतो.

खाली जाऊन सौ.ला सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "मग आता भिलवडी म्हणून दाखवा." त्या दिवसापासून ही गावं सुरू झाली.

बोलण्याकडे वळल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. तिनं मी अगदी हरखून गेलो. सूर लावला की वर-खाली सारखं असतं, पण माणसाचा आवाज तसा नसतो. घशातून निघणारा प्रत्येक ठेका एका बाजूला उंच टोकदार आणि दुसऱ्या बाजूला बसका असतो. माझा "आ" पडद्यावर बघितला तर उंच टोकं सगळी खालच्या बाजूला चालली होती. जिथं जागा नाही नेमकी तिथं. माझा मायक्रोफोन डायनॅमिक आहे, त्याच्या कॉइलच्या दोन तारा आहेत. त्या उलटसुलट जोडल्या, एवढंच. टोकं वर गेली. आता वर ९५ टक्के दिसतात तेव्हा खाली ६५ ते ७० असतात. शेपटीचा धोका टळला आणि समोरचे म्हणाले आवाज भरला. सोल्डरिंगची दोन टोकं, खर्च शून्य. प्रत्येक एएमवाल्यानं हे करून बघावं. ज्यांचा मायक्रोफोन इलेक्ट्रेट आहे त्यांना तारा उलटता येत नाहीत, त्यांनी मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची टोकं उलटावीत.

डोळ्यानं एवढं झालं, पण कानाचंही काम आहे. बोलताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकून काही कळत नाही, कारण तो कवटीच्या हाडांतूनही कानात येत असतो आणि सगळं गोड वाटतं. म्हणून रेकॉर्ड करायचा. डमी लोडच्या केबलवर तारेचे दोन वेढे, एक जर्मेनियम डायोड, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, आणि तिथून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. क्रिस्टल सेटच आहे तो. त्यात फिल्टर नाही, आवाज आपोआप सारखा करणारी एजीसी नाही, म्हणून तो काही लपवत नाही आणि स्वतःचं काही घालतही नाही. दोन मिनिटं बोलायचं, ट्रान्समीटर बंद करायचा, चहा घ्यायचा आणि मग परक्या माणसाचा आवाज ऐकावा तसा ऐकायचा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मला माझे श ऐकवेनात. आता मॉड्युलेटरच्या आधी ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा फिल्टर बसवलाय. शिरवळ जरा बोथट ऐकू येतं, चालेल.

साताऱ्याच्या मुलाच्या सांगण्यावरून आरटीएल-एसडीआरचा डोंगलही, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर, घेतला. त्याचा मोठा उपयोग आहे, पण जवळच्या ट्रान्समीटरनं तोही गुदमरतो आणि आपलाच कचरा पडद्यावर काढतो. आठ बिटांचं ते यंत्र, त्याच्याकडून किती अपेक्षा करणार. खरा कचरा कुठला आणि डोंगलनं बनवलेला कुठला हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मधे सिग्नल उतरवणारा १० डीबीचा (ताकद एक-दशांश करणारा) अ‍ॅटेन्युएटर घालायचा. कॅरिअर १० डीबीनं उतरेल. बाजूचा कचराही तेवढाच उतरला तर तो माझा. तो एकदम नाहीसा झाला तर तो डोंगलचा. मी वीस डीबीपर्यंत जातो आणि मगच चित्रावर विश्वास ठेवतो.

इंटरनेटवर जोडलेले लांबचे रिसीव्हर लावून स्वतःला ऐकायची सवयही अनेकांना आहे. गंमत म्हणून छान आहे, निदान करायला कच्चं. आयनोस्फिअरमधून येताना कधी कधी नेमकी कॅरिअरच दुबळी होते आणि साइडबँड शाबूत राहतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं याचं मॉड्युलेशन फुटलं. दहा सेकंदांनी तोच आवाज स्वच्छ होतो. अशा रिपोर्टवरून गेनला हात लावू नये. पण उलट बाजूनं, १० किलोहर्ट्झ सरकून माझ्या बोलण्याचे फटके ऐकू येतात का एवढं तपासायला तोच लांबचा रिसीव्हर फार चांगला. तिथं फटके ऐकू आले तर फेडिंगला दोष देता येत नाही.

एक तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. एसएसबी रिसीव्हर आपली कॅरिअर शिट्टीसारखी ऐकू येईल असा लावायचा आणि मग बोलायचं. शिट्टीभोवती बोलणं ऐकू येईल, पण शिट्टीचा सूर स्वतः जागचा हलू नये. हलला, थरथरला, तर बोलताना व्हीएफओचा सप्लाय खचतोय आणि एएमबरोबर थोडं एफएमही चाललंय. माझी शिट्टी हलत होती. व्हीएफओला वेगळा रेग्युलेटेड सप्लाय दिला, ती स्थिर झाली.

तर असं सगळं झालं. ट्रॅपेझॉइडची डबी आता ट्रान्समीटरच्या आत कायमची बसवली आहे. साताऱ्याच्या मुलाला परत १२ किलोहर्ट्झ वर बसवून पंधरा मिनिटं बोललो, जाणूनबुजून "पापड फोडणी भाकरी" म्हणत. त्यानं फोटो पाठवला. कॅरिअर, दोन पट्टे, बाकी काळोख.

त्याच फोटोत कॅरिअरला अगदी खेटून दोन बारीक रेघा आहेत, दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर. त्या ५० हर्ट्झच्या विजेच्या, रेक्टिफायरमधून दुप्पट होऊन आलेल्या. कॅरिअरच्या ४० डीबी खाली आहेत, म्हणजे २ टक्के हम. कानाला फारसा जाणवत नाही, बोलणं थांबलं की मागं बारीक गुणगुण येते तेवढीच. पण त्या शांततेसाठीच तर एएम ठेवलाय. ४६ डीबीवर नेली की एक टक्का होईल, त्यासाठी सप्लायमध्ये आणखी एक चोक आणि कपॅसिटर लागेल. १० हेन्रीचा, १५० मिलिअँपिअर सोसणारा. येत्या बुधवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघतोय.